लेंबुरसावोची नोंद

चिरामा धरणाच्या कचेरीत संगणक आले, इंटरनेट आलं, खात्याची वेबसाइट झाली, पण कागद काही सुटला नाही. धरणाच्या वरच्या अंगाला नदीवर अकरा ठिकाणी पाण्याची पातळी मोजायच्या पट्ट्या रोवलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर एक माणूस नेमलेला. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता त्याने पट्टी वाचायची आणि मोबाइलवरून आकडा कळवायचा. ते सगळे आकडे वेबसाइटच्या एका पानावर तक्त्यात दिसत: ठिकाण, पातळी, वाचणाऱ्याचं नाव, शेरा. जकार्तात बसलेल्या माणसालाही ते पान बघता येई. पण सगळे ज्यांना मानाने पाक, म्हणजे साहेब, म्हणत त्या कचेरीच्या प्रमुख सुगांदांना ते कागदावरच लागे.

"पडद्यावर सही कुठे ठोकू मी?" ते विचारत.

कागदावर सही, सहीवर गोल शिक्का, मग फाइल. धरण भरल्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि दिवसाचे तीन कागद एकदाही चुकले नव्हते. आता त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि आठ महिन्यांसाठी सवय बदलणाऱ्यांतले ते नव्हते.

छापण्याचं काम इमासकडे होतं. इमास दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली, धरणापासून नऊ किलोमीटरवर खोली घेऊन राहणारी, हिशेबी डोक्याची बाई. सातच्या कागदासाठी तिला पावणेसातला कचेरी उघडावी लागे, आणि पाचच्या कागदापायी शेवटची मिनीबस चुके. शेवटी एका शनिवारी तिने डोकं चालवलं आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ठरल्या वेळी ब्राउझरने आपणहून ते पान उघडायचं, ताजं करायचं आणि प्रिंटरकडे धाडायचं. एकच गोष्ट आडवी येत होती. छापण्याआधी ब्राउझर दर वेळी चौकट पुढे करून विचारी, छापायचं का? म्हणजे हो म्हणायला कुणीतरी समोर बसलेलं हवंच. चौथ्या प्रयत्नात तिने तो प्रश्नच बंद करून टाकला. सोमवारी सकाळी ती साडेसातला पोहोचली, तर सातचा कागद प्रिंटरच्या तबकात तिची वाट बघत पडला होता.

"तेह, त्याला कॉफी करायलाही शिकव," यायात म्हणाला. यायात कचेरीचा तंत्रज्ञ; तो इमासला तेह, म्हणजे ताई, म्हणे आणि ती त्याला कांग, म्हणजे दादा. दरवाज्यांच्या मोटारी, तारा, पंखे, सगळं तोच बघायचा. "म्हणजे माझंही भलं होईल."

"तुझी कॉफी प्यायला कोण मरतंय, कांग," इमास म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी ती पाचच्या मिनीबसने उजेडात घरी गेली.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार होता. महिन्याची सरासरी काढण्यासाठी इमास फूटपट्टी लावून एकेक ओळ टिपत होती. बेरीज जुळेना. तिने पुन्हा केली. मग ओळी मोजल्या. बारा होत्या.

जादा ओळ तळाला नव्हती. ती सहावी आणि सातवी यांच्या मध्ये, नदीच्या क्रमाने जिथे असायला हवी तिथेच बसली होती. तोच ठसा, तीच जाडी. लेंबुरसावो. पातळी ०.४० मीटर. वाचणारा, दिर्जा. शेरा, स्वच्छ.

"कांग, लेंबुरसावोला पट्टी आहे का रे?"

यायात पंखा उघडून बसला होता. त्याने मान वर केली. "लेंबुरसावो?" त्याने हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. खिडकीबाहेर जलाशय होता, दुपारच्या उन्हात पत्र्यासारखा पांढरा. "ते तर खाली आहे, तेह. माझं आजोळ तिथलं. छप्पन मीटर पाणी आहे त्याच्यावर."

इमासने फाइल काढली आणि मागचे कागद उलटले. हाताने छापलेल्या प्रत्येक कागदावर अकरा ओळी. ज्या सोमवारपासून स्क्रिप्ट सुरू झाली, त्या दिवसापासून बारा. नेहमी ०.४०, नेहमी दिर्जा, नेहमी स्वच्छ. आणि प्रत्येक कागदाखाली पाक सुगांदांची सही होती, सहीवर शिक्का होता.

ती घाबरली नाही. वेबसाइट बनवणारे कधीकधी पडद्यासाठी एक आणि छपाईसाठी दुसरी मांडणी ठेवतात, पडद्यावर लपवलेली ओळ कागदावर उमटू शकते, हे तिला ठाऊक होतं. तिने पानामागचा सगळा कोड उघडून वाचला. लपवलेलं काही नव्हतं. मुख्य कचेरीला फोन लावला. तिथला माणूस जांभई देत म्हणाला, "अकराच आहेत, बू. बारावं ठिकाण यादीतच नाही, तर छापेल कुठून?" तिने हाताने पान छापलं. अकरा ओळी. पुन्हा छापलं. अकरा.

दुसऱ्या दिवशी बाराला ती आणि यायात पडद्यासमोर बसून राहिले. बाराच्या ठोक्याला ब्राउझर उघडला, पान ताजं झालं. यायातने पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने मोजलं. अकरा. प्रिंटर घरघरला. कागद हळूहळू बाहेर सरकला, आणि इमासने तो सरकत असतानाच मोजला.

"बारा," ती म्हणाली.

"कंपनी अकरावर एक फुकट देत असेल," यायात म्हणाला. पण त्याने कागदाला हात लावला नाही.

हाताने छापलं की अकरा, आपोआप छापलं की बारा. याचा अर्थ काय, हे इमासला कळेना. त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. ती उठे, प्रिंटरपाशी जाई, परत येई. घरी भात उपसताना ती शितं मोजते आहे असं तिच्या लक्षात आलं.

यायातने मात्र त्यातून एक तर्क काढला. कुणीतरी जुन्या पट्टीच्या जागी तरंगता बोया बांधून त्यावर यंत्र बसवलं असेल, तेच काहीबाही पाठवत असेल. "चल, बघून तर येऊ," तो म्हणाला. पुढल्या शुक्रवारी साडेअकराला ते ओजोंच्या होडीत बसले. सगळे त्यांना मांग, म्हणजे काका, म्हणत. मांग ओजो लेंबुरसावोचेच. गाव बुडालं तसं शेत सोडून ते त्याच पाण्यावर जाळ्यांचे पिंजरे लावून मासे पोसू लागले होते.

होडी अर्ध्या तासाने थांबली. बोया नव्हता. तार नव्हती. चारी बाजूंना हिरवं, जाड, न हलणारं पाणी.

"इथंच," मांग ओजो म्हणाले. "हितं खाली पूल व्हता. पुलाच्या खांबाला दिर्जाची पट्टी."

"तुम्ही ओळखत होतात त्यांना?" इमासने विचारलं.

"दिर्जाला कोण न वळखायचं? लई काटेकोर गडी. तो पुलावर दिसला की बाया चुलीवर भात चढवायच्या. घड्याळ कुणाकडं व्हतं?" त्यांनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. "बायको आधीच वारलेली. पोरबाळ नाही."

"मग गाव उठल्यावर ते गेले कुठे?"

"सुमात्राला, भावाकडं."

"नाही, मांग," यायात म्हणाला. "त्यांचा भाऊ मागल्या वर्षी आमच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत आला होता. तो तर दिर्जा कसे आहेत म्हणून आम्हालाच विचारत होता."

दूरच्या किनाऱ्यावरून बांगेचा आवाज पाण्यावरून आला. इमासने काठ धरला आणि वाकून खाली पाहिलं. हाताच्या खोलीपर्यंत उजेड होता. पुढे काही दिसत नव्हतं. तरी ती बराच वेळ बघत राहिली.

दीड वाजता ते कचेरीत परतले, तेव्हा बाराचा कागद तबकात पडला होता. सहावी आणि सातवी यांच्या मध्ये ०.४० होतं, दिर्जा होतं. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच स्वच्छ नव्हतं.

वर होडी थांबली. तीन माणसं. बाई वाकून बघत होती.

यायातने तो शेरा वाचला, आणि कॉफीचा कप तसाच ठेवून मोटारीच्या खोलीत निघून गेला. इमासने संगणकापाशी जाऊन स्क्रिप्ट बंद केली. पाचचा कागद तिने स्वतः हाताने छापला आणि अकरा ओळी असलेला तो कागद पाक सुगांदांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. पेनचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

"हा हाताने छापलाय," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं, पाक?"

"दार लाव आणि बस."

तिने दार लावलं. पाक सुगांदा थोडा वेळ शिक्क्याची मूठ अंगठ्याने चोळत राहिले.

"दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं मला," ते म्हणाले. "दिर्जा हे नाव मी कसा विसरेन? तेव्हा या सगळ्या पट्ट्या माझ्याकडे होत्या. धरण भरायचं ठरलं, तीन ठिकाणं बंद करायची पत्रं निघाली. आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे, वगैरे. तिन्ही मी हातोहात द्यायची होती. दोन दिली. लेंबुरसावोचा रस्ता वाहून गेला होता आणि घरी मेव्हणीचं लग्न होतं. म्हटलं, सारं गाव उठतंय, पाणी चढतंय, माणूस काय तिथे बसून राहणार आहे?"

"आणि पत्र?"

ते उठले. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून त्यांनी एक पाकीट काढलं. पिवळं पडलेलं, न फोडलेलं.

"तो असा माणूस होता, इमास, की त्याला कुणी जा म्हटल्याशिवाय तो पट्टी सोडून गेला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं." त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "ते तुझं जे काय आहे, ते परत चालू कर."

"पाक, मला नाही करायचं ते. बंदच बरं."

"तो नोंद पाठवतोय आणि आपण कागद बंद करायचा? चालू कर."

तिने चालू केली.

शनिवारी सकाळी पाक सुगांदा गणवेशात, बिल्ला लावून आले. पत्र त्यांनी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलं, आत मुठीएवढा दगड घातला आणि तोंड दोऱ्याने आवळलं. होडीत इमास बरोबर होती. मांग ओजोंनी होडी बुडालेल्या पुलावर आणून उभी केली. बरोबर बारा वाजता पाक सुगांदांनी दोन्ही हातांनी, एखाद्या वडीलधाऱ्याला द्यावं तसं, ते पाकीट पाण्यात सोडलं. चार-दोन बुडबुडे आले.

"झालं," ते म्हणाले. परतताना ते खूप बोलले. मेव्हणीच्या लग्नातली बिर्याणी कशी खारट झाली होती ते सांगून हसले. इमासलाही हसू आलं. तिला वाटलं, खरंच झालं.

पाचच्या कागदाची ते दोघं उभ्यानेच वाट बघत होते.

लेंबुरसावो. ०.४०. दिर्जा. पत्र मिळालं. चार्ज कोणाकडे द्यायचा ते लिहिलेलं नाही.

पाक सुगांदांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्चीत बसले आणि मान हलवत राहिले. त्यात भीतीपेक्षा शरम जास्त होती. एखाद्या हुशार कारकुनाने साहेबाची चूक दाखवावी, तशी.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "चार्ज घेणाऱ्याचं नाव नसेल तर माणूस सुटणार कसा? दुसरं पत्र टंकून दे."

"कुणाच्या नावाने?"

"माझ्या."

"पाक, नका," इमास म्हणाली. "कुणाचंही खोटं नाव घालू. नसलेल्या माणसाचं घालू."

"नसलेला माणूस चार्ज कसा घेईल? मग कुणाचं घालू, तुझं? यायातचं? त्याची मुलगी पहिलीला आहे." ते अगदी शांतपणे बोलत होते. "टंक."

इमासने टंकलं. श्री. दिर्जा यांनी लेंबुरसावो येथील कार्यभार श्री. सुगांदा यांच्याकडे सोपवावा व कार्यमुक्त व्हावे. टंकताना तिची बोटं दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा तिने ती अक्षरं नीट केली. पुढे कितीतरी दिवस तिला तेच आठवत राहिलं, की आपण चुका नीट केल्या.

रविवारी पाक सुगांदा दुसरं पत्र घेऊन मांग ओजोंबरोबर एकटेच गेले. इमास खोलीवर बसून राहिली. तीनदा तिने फोन हातात घेतला. चौथ्यांदा लावला.

"आलो की परत," पाक सुगांदा म्हणाले. "घरी आहे. माशाचं कालवण खातोय. काय झालं?"

"काही नाही, पाक."

सोमवारी सातच्या कागदावर बाराच ओळी होत्या. लेंबुरसावो. ०.४०. वाचणारा, सुगांदा. शेरा, चार्ज घेतला.

आणि सुगांदा तिच्यासमोर बसले होते. तोच चष्मा, तीच वरच्या खिशातली दोन पेनं. त्यांनी त्या कागदावर सही केली, शिक्का मारला, कागद परत दिला. चेहरा उतरलेला नव्हता. उलट बऱ्याच वर्षांनी झोप लागल्यासारखा ताजा दिसत होता. यायात दारातून डोकावला, दोघांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "म्हणजे सगळं ठीक?"

"ठीकच आहे," पाक सुगांदा म्हणाले. "कॉफी आण."

तो आठवडा कचेरी नेहमीसारखी चालली. इमासने स्वतःला बजावलं की कागदावर एक नाव बदललं, एवढंच. बाकीच्या अकरा ठिकाणी पातळी हळूहळू उतरत होती. कोरडे दिवस होते, दीड महिन्यात पाऊस नव्हता.

लेंबुरसावोची पातळी मात्र मंगळवारी ०.४१ झाली.

बुधवारी ०.४३.

गुरुवारी तिच्या ध्यानात आलं की बाराच्या सुमाराला पाक सुगांदा बोलता बोलता थांबतात. वाक्य अर्धंच राहतं. ते खाली, टेबलाच्या पायाशी कुठेतरी बघतात, ओठ हलतात. मग वाक्य पुढे सुरू होतं, जसं काही मध्ये खंडच पडला नव्हता. शुक्रवारी ती त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिली. ओठ काय म्हणतात ते तिला ऐकू आलं.

"शून्य पूर्णांक सत्तेचाळीस," ते म्हणाले.

शेजारच्या खोलीत प्रिंटर सुरू झाला. ती पळत गेली. कागद अजून गरम होता. ०.४७.

त्या संध्याकाळी तिने स्क्रिप्ट पुसून टाकली. बंद केली नाही, पुसली. प्रिंटरची वायर काढून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

सोमवारी ती बारापर्यंत काम करत राहिली. कागद निघायचं आता कारण नव्हतं. बाराला पाच कमी असताना ती मस्टर घेऊन पाक सुगांदांच्या खोलीत गेली, पिशवी टेबलाच्या पायाशी टेकवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. पाक सुगांदा कुणाच्या तरी रजेबद्दल बोलत होते.

मध्येच ते थांबले.

त्यांनी वाकून बुटांचे बंद सोडले. एकेक बूट काढला. दोन्ही बूट, आत मोजे खोचून, टेबलावर फायलींच्या वर ठेवले. मग सावकाश, घडी न मोडता, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली. मग गुडघ्याच्याही वर.

पंखा फिरत होता. बाहेर ऊन रणरणत होतं. इमासने खाली पाहिलं. फरशी कोरडी होती, कोपऱ्यात धूळही होती.

पाक सुगांदा खाली बघत होते. ओठ हलले. मग त्यांनी मान वर केली आणि नेहमीच्या, काळजीच्या आवाजात म्हणाले,

"इमास, पिशवी खाली नको ठेवूस. भिजेल."

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि पाच वाजेपर्यंत तशीच धरून बसून राहिली.